मुंबई दूरदर्शन आणि जुन्या मालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर कोणत्या काळातील दूरचित्रवाणीचा विचार केला आहे?

मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हापासून, म्हणजे १९७२ पासून, केबलच्या तारा गच्च्यांवरून घराघरात उतरल्या त्या १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतचा काळ येथे मुख्यतः गृहीत धरला आहे. एकदोन ठिकाणी विषयाच्या ओघात त्याच्या अलीकडे-पलीकडेही जावे लागले आहे. 'त्या वेळचे सगळेच उत्तम होते' असे येथे म्हणायचे नाही, कारण तेव्हाचे कित्येक कार्यक्रम कंटाळवाणे होते आणि दुसरी वाहिनी नसल्यामुळेच ते पाहिले जात. मात्र जे उत्तम होते ते कोणी घडवले, याची उत्तरे शोधू लागले की मराठी रंगभूमी, मराठी साहित्य आणि मराठी संगीत यांतील माणसे वारंवार भेटतात. आज 'हिंदी मालिका' म्हणून आठवणाऱ्या कार्यक्रमांतही ती भेटतात, आणि या पानावरील बरीचशी उत्तरे त्यांच्याविषयीच आहेत.

भारतात दूरचित्रवाणी कधी सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती कधी आली?

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि १९६५ पासून ते दररोज होऊ लागले. त्यानंतर बरीच वर्षे दूरचित्रवाणी ही केवळ दिल्लीकरांची चैन राहिली. देशातील दुसरे केंद्र मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी सुरू झाले. कोलकाता आणि चेन्नई येथील केंद्रे १९७५ मध्ये आली, म्हणजे या बाबतीत मुंबई त्यांच्या जवळजवळ तीन वर्षे पुढे होती. पुण्यातील प्रेक्षकांना सिंहगडावर उभारलेल्या मनोऱ्यामुळे मुंबईचे कार्यक्रम १९७३ पासून दिसू लागले. उर्वरित महाराष्ट्राला मात्र १९८० च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. त्यामुळे एकाच वयाच्या मुंबईकराच्या आणि परभणीकराच्या दूरदर्शनविषयक आठवणी पुष्कळदा जुळत नाहीत, आणि त्यात दोघांपैकी कोणाचीही स्मृती दगा देत नसते.

सुरुवातीला हे सर्व 'आकाशवाणी'च्याच अखत्यारीत होते का?

होय. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून स्वतंत्र झाले. त्याच वर्षी १ जानेवारीपासून जाहिरातींनाही प्रवेश मिळाला होता.

पु. ल. देशपांडे यांचा दूरदर्शनशी नेमका काय संबंध होता?

पु. ल. आकाशवाणीच्या सेवेत होते आणि दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा तेथील पहिल्या निर्मात्यांमध्ये त्यांचा समावेश होता. पंतप्रधान पंडित नेहरू यांची भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखत त्यांनी घेतल्याचे सर्वत्र नमूद केले जाते. मराठी वाचकाला याचे अप्रूप वाटणे साहजिक आहे, परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नाटक, संगीत, चित्रपट आणि नभोवाणी या चारही क्षेत्रांत वावरलेल्या माणसाची निवड या नव्या माध्यमासाठी झाली. पुढे मुंबई केंद्रानेही हाच मार्ग धरला आणि दूरचित्रवाणीचे तयार तंत्रज्ञ फारसे उपलब्ध नसल्यामुळे नाटकवाले, लेखक आणि गवय्ये यांना हाताशी घेऊन काम सुरू केले.

मुंबई केंद्रावर सुरुवातीच्या वर्षांत कोणते कार्यक्रम असत?

प्रक्षेपण मुख्यतः सायंकाळचे असे आणि त्या थोडक्या वेळात मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी अशा चार भाषांना सामावून घ्यावे लागे. त्यामुळे मुंबईतील मराठी घरांतही 'सांताकुकडी' हा गुजराती कार्यक्रम आवडीने पाहिला जाई आणि त्यातील निम्मे विनोद हावभावांवरूनच समजून घेतले जात.

मराठी कार्यक्रमांत 'गजरा' सर्वांत लाडका होता. छोट्या नाटुकल्या, प्रहसने आणि गाणी एकत्र ओवणारा हा कार्यक्रम विनायक चासकर यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे, आणि विनय आपटे यांनीही त्याची निर्मिती केली. मराठी रंगभूमीवर पुढे नाव मिळवलेल्या कित्येक नटांना महाराष्ट्राने प्रथम 'गजरा'मध्ये पाहिले. 'प्रतिभा आणि प्रतिमा' या कार्यक्रमात साहित्यिक-कलावंतांशी सविस्तर गप्पा होत आणि त्यामागे सुहासिनी मुळगावकर यांची दृष्टी होती. संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या आणि संस्कृतात निष्णात असलेल्या या निर्मातीने कार्यक्रमाला जो भारदस्तपणा दिला, तो आजच्या मुलाखतींच्या कार्यक्रमांत अभावानेच आढळतो. अरुण काकतकर यांचा 'शब्दांच्या पलीकडले' हा भावगीतांना वाहिलेला कार्यक्रम होता. 'ज्ञानदीप' हा शैक्षणिक कार्यक्रम आकाशानंद यांनी घडवला. त्याच्या प्रेक्षकांची ठिकठिकाणी मंडळे स्थापन झाली आणि एखाद्या कार्यक्रमाभोवती लोकांनी आपण होऊन समाजकार्य उभे करावे असे उदाहरण निर्माण झाले. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं', कामगारांसाठी 'कामगार विश्व', मुलांसाठी 'किलबिल' आणि गृहिणींसाठी 'सुंदर माझं घर' असे ठरलेले कार्यक्रम असत. शहरातील मुलांनाही कपाशीवरील बोंडअळी आणि सुधारित बियाणे यांविषयी बरीच माहिती असे, कारण पुढच्या कार्यक्रमाची वाट पाहताना समोर जे चालू असेल ते पाहिले जाई.

'साप्ताहिकी' या कार्यक्रमाचा स्वतंत्र उल्लेख करायला हवा. त्यात येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी काय दिसणार एवढेच सांगितले जाई, आणि तरीही घरातील सर्वजण तो कान देऊन ऐकत, कारण शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट कोणता हे तेथेच कळे.

'छायागीत' आणि 'चित्रहार' हे एकच होते का?

नाही. दोन्ही कार्यक्रम हिंदी चित्रपटगीतांचे होते, परंतु 'छायागीत' मुंबई केंद्राचे होते आणि मुंबईकरांच्या आठवणीत ते गुरुवारशी जोडलेले आहे. 'चित्रहार' दिल्लीचे होते आणि राष्ट्रीय प्रक्षेपणामुळे ते देशभर पोहोचले. तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा चित्रपट कलावंतांच्या मुलाखतींचा कार्यक्रमही मुंबईचाच होता. केंद्र सुरू झाल्यावर आठवड्याभरातच, ८ ऑक्टोबर १९७२ रोजी तो सुरू झाला आणि १९९३ पर्यंत चालला.

स्मिता पाटील खरोखरच बातम्या वाचत असत का?

होय. चित्रपटांत येण्यापूर्वी त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत असत. जीन्सवरच घाईघाईने साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, ही गोष्ट त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि कुटुंबीयांनी अनेकदा सांगितली आहे. छोट्या पडद्यावरील त्यांच्या चेहऱ्याने दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचे लक्ष वेधले आणि १९७५ च्या 'चरणदास चोर'पासून त्यांची चित्रपटातील वाटचाल सुरू झाली.

बातम्या वाचणाऱ्यांमध्ये कलावंतांची आणि भाषेच्या जाणकारांची संख्या मोठी होती. 'ती फुलराणी'तील मंजुळा अजरामर करणाऱ्या भक्ती बर्वे, पुढे निर्मात्या आणि दिग्दर्शिका झालेल्या स्मिता तळवलकर, लेखक अनंत भावे, वृत्तविभागाची धुरा सांभाळणारे डॉ. विश्वास मेहेंदळे आणि ज्यांच्या आवाजाशी 'मराठी बातम्या' हे समीकरण अनेक वर्षे टिकले ते प्रदीप भिडे ही त्यातील काही नावे. वाक्य कोठे तोडायचे आणि 'च'चा उच्चार कोठे तालव्य करायचा व कोठे दंतमूलीय, हे त्या पिढीतील पुष्कळ मुले या मंडळींना ऐकूनच शिकली.

'चिमणराव' या मालिकेला इतके महत्त्व का दिले जाते?

चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मराठी वाचकांना आधीपासून परिचित होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई केंद्राने त्यांना पडद्यावर आणले. याकूब सईद आणि विजया जोगळेकर-धुमाळे हे तिचे निर्माते, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तीच ती पात्रे ठरावीक काळाने भेटत राहतात आणि त्यांच्या संसारात प्रेक्षक गुंततो, हा मालिकेचा साचा मराठी घरांना प्रथम येथे कळला. देशभर मालिकांची लाट आली ती 'हम लोग'नंतर, म्हणजे १९८४ मध्ये. मुंबई केंद्राने त्याच्या किती तरी आधी हा घाट यशस्वी करून दाखवला होता, आणि दूरदर्शनच्या इतिहासाविषयी इंग्रजीत लिहिणारे बहुतेक लेखक ही बाब विसरतात.

या मालिकेचे यश नटांच्या निवडीत आहे. प्रभावळकरांचा बावळट, पापभीरू, तरीही आपण फार व्यवहारचतुर आहोत असे समजणारा चिमणराव आणि त्याच्याशेजारी कर्वे यांचा धिप्पाड, हातात सोटा घेतलेला, प्रत्येक प्रश्न ताकदीने सोडवू पाहणारा गुंड्याभाऊ. या दोघांकडे पाहूनच हसू येई आणि संवादांचे काम निम्मे सोपे होई. बाळ कर्वे यांना पुढे आयुष्यभर लोक 'गुंड्याभाऊ' म्हणूनच ओळखत राहिले, तर प्रभावळकरांनी इतकी वेगवेगळी रूपे घेतली की चिमणराव त्यांच्या अनेक ओळखींपैकी एक ठरला. १९७९ मध्ये याच पात्रांवर चित्रपटही आला, परंतु लोकांच्या मनात राहिली ती मालिकाच.

दूरदर्शनचे फिरत येणारे चिन्ह आणि त्याची धून कोणाची?

डोळ्याच्या आकाराचे चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील विद्यार्थी देवाशिष भट्टाचार्य यांच्या रेखाटनातून तयार झाले. धून पंडित रविशंकर यांनी सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्यासमवेत बांधली आणि १ एप्रिल १९७६ पासून, म्हणजे दूरदर्शन स्वतंत्र झाले त्याच दिवसापासून, ती वाजू लागली. ती बिस्मिल्ला खाँ यांची असल्याचे अनेकजण छातीठोकपणे सांगतात, कारण सनई म्हटली की तेच नाव ओठावर येते, परंतु तो समज चुकीचा आहे.

दूरचित्रवाणी संचासाठी परवाना लागत असे, हे खरे आहे का?

खरे आहे. रेडिओप्रमाणेच दूरचित्रवाणी संचासाठीही दरवर्षी टपाल कार्यालयात शुल्क भरून परवाना पुस्तिकेत नोंद करून घ्यावी लागत असे. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही पद्धत बंद झाली. सरकता लाकडी दरवाजा असलेली पेटी, व्होल्टेजच्या चढउतारापासून वाचवणारा स्टॅबिलायझर, गच्चीवरील अॅन्टेना आणि तो फिरवण्यासाठी वर पाठवलेला घरातील मुलगा या गोष्टी त्या संचाचाच भाग होत्या. 'आलं का?' आणि 'गेलं, गेलं, पुन्हा मागे घे' हे संवाद मुंबई-पुण्याच्या प्रत्येक वाडीत आणि चाळीत झालेले आहेत. काही घरांत कृष्णधवल पडद्यावर निळ्या, नारिंगी आणि हिरव्या पट्ट्यांचा प्लॅस्टिकचा कागद लावला जाई. निवेदिकेचे कपाळ निळे आणि हनुवटी हिरवी दिसत असली तरी 'आमच्याकडे कलर आहे' असे सांगता येई.

खरा रंगीत पडदा कधी आला?

१५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रमाचे प्रक्षेपण सुरू झाले आणि रंगीत प्रक्षेपणाचा प्रारंभही त्याच सुमारास झाला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा होणार असल्यामुळे हे काम घाईने पार पडले. रंगीत दूरचित्रवाणीचा आग्रह धरणारे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे हे विदर्भातले. गरीब देशाला ही चैन कशाला, अशी टीका तेव्हा त्यांच्यावर झाली होती.

राष्ट्रीय कार्यक्रमामुळे मराठी कार्यक्रमांवर काय परिणाम झाला?

परिणाम मोठा झाला आणि आमच्या मते तो फारसा चांगला नव्हता. रात्री साडेआठनंतरचा, म्हणजे माणसे कामावरून परतून जेवायला बसतात तो वेळ दिल्लीकडे गेला आणि मराठी कार्यक्रम संध्याकाळच्या आधीच्या तासांत कोंबले गेले. १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी हा उपग्रह सोडल्यावर १९८४ मध्ये कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे इतक्या वेगाने उभारली गेली की काही महिने सरासरी दिवसाला एक असे त्यांचे प्रमाण होते. मात्र ही केंद्रे प्रामुख्याने दिल्लीचेच कार्यक्रम पुढे पाठवत. परिणामी महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांच्या गावी दूरचित्रवाणी आली ती हिंदीतून, आणि 'गजरा' किंवा 'चिमणराव' ही नावे तेथील लोकांनी केवळ मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडून ऐकली.

'हम लोग' ही भारतातील पहिली मालिका होती का?

देशभर एकाच वेळी पाहिली गेलेली पहिली दीर्घ प्रायोजित मालिका असे म्हणणे योग्य ठरेल. ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५ या काळात ती चालली. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचे. कुटुंबनियोजन आणि स्त्रीशिक्षण यांसारखे विषय मालिकेतून मांडण्याची मेक्सिकोतील पद्धत तिला आधारभूत होती आणि वसंत साठे यांच्या मेक्सिको दौऱ्यातून ही कल्पना इकडे आली असे सांगितले जाते. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन त्या दिवसाच्या कथेवर दोन शब्द बोलत आणि निरोप घेताना मालिकेचे नाव निरनिराळ्या भारतीय भाषांत उच्चारत. आजी आणि मधल्या नातीच्या भूमिका करणाऱ्या सुषमा सेठ आणि दिव्या सेठ प्रत्यक्षात मायलेकी आहेत. दोन मिनिटांत तयार होणाऱ्या शेवया या मालिकेच्या प्रायोजक होत्या, आणि त्या मराठी स्वयंपाकघरात शिरल्या त्याही याच वाटेने.

'रामायण' मालिकेत मराठी कलाकार कोण होते?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. रामानंद सागर यांची ही मालिका २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी दाखवली गेली. प्रारंभी ५२ भागांना मान्यता होती, पुढे ते ७८ झाले. चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या गुजरातमधील उंबरगाव येथे झाले, आणि मुंबईच्या कलाकारांना रेल्वेने ये-जा करणे त्यामुळे शक्य झाले.

राजा दशरथ झालेले बाळ धुरी आणि कौसल्या झालेल्या जयश्री गडकर हे प्रत्यक्षातही पतिपत्नी होते. 'सांगत्ये ऐका'मधील ठसकेबाज जयश्रीबाई ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांना त्यांची शांत, सोशीक कौसल्या पाहून सुखद आश्चर्य वाटले. मंथरा ललिता पवार यांनी केली. मूकपटांच्या काळापासून काम करणाऱ्या या अभिनेत्रीच्या कारकिर्दीतील ती उत्तरकाळातील गाजलेली भूमिका ठरली, आणि डोळा किंचित बारीक करून कैकेयीच्या कानाशी लागणारी ती मंथरा पाहताना आमच्या घरातील वडीलधारी मंडळी अक्षरशः बोटे मोडत. भरताच्या भूमिकेत संजय जोग होते. त्यांचे तरुण वयातच, १९९५ मध्ये निधन झाले.

रामाच्या राज्याभिषेकानंतरची कथा दाखवावी म्हणून उत्तर भारतातील काही ठिकाणी वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी संप केला होता. त्यानंतर १९८८ च्या ऑक्टोबरपासून लवकुशांची कथा सुरू झाली. तिच्यातील कुश म्हणजे आजचे लोकप्रिय अभिनेते स्वप्नील जोशी आणि लव म्हणजे मयुरेश क्षेत्रमाडे, अशी दोन्ही मुले मराठीच होती. स्वप्नील पुढे सागर यांच्याच 'श्रीकृष्ण' मालिकेत किशोरवयीन कृष्णही झाले.

आणि 'महाभारत'?

बी. आर. चोप्रा आणि रवी चोप्रा यांची ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ९४ भागांत दाखवली गेली. कृष्ण झालेले नीतीश भारद्वाज मराठी, शिक्षणाने पशुवैद्य आणि रंगभूमीवर काम केलेले. संवाद राही मासूम रझा यांचे होते, आणि 'समय' या निवेदकाची योजना हा त्या पटकथेतील सर्वांत चतुर भाग आहे. निवेदक म्हणून एखादा ऋषी आणला असता तर त्याला कोणाची तरी बाजू घ्यावी लागली असती, काळाला मात्र ती घ्यावी लागत नाही. हरीश भिमानी यांचा तो आवाज ऐकू आला की स्वयंपाकघरातील माणसे हात पुसत बाहेर येत.

'भारत एक खोज'चे शीर्षकगीत कोणत्या भाषेतील आहे?

प्रारंभीचे शब्द ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचे आहेत आणि त्यामागून येणारा हिंदी अनुवाद वसंत देव यांचा आहे. मराठी नाटके हिंदीत नेणारे हे अनुवादक मराठी वाचकांना परिचित असायला हवेत. संगीत वनराज भाटिया यांचे. पंडित नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेल्या श्याम बेनेगल यांच्या या ५३ भागांच्या मालिकेत नेहरूंच्या भूमिकेत रोशन सेठ होते आणि छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली होती. त्या वेळच्या सर्व मालिकांपैकी आज पुन्हा सलग पाहावी अशी एकच निवडायची झाल्यास आम्ही हिची निवड करू.

आणखी कोणत्या हिंदी मालिकांत मराठी माणसांचा हात होता?

१९८५ च्या 'रजनी'त प्रिया तेंडुलकर होत्या. नाटककार विजय तेंडुलकर यांची ही कन्या गॅस सिलिंडरपासून शाळाप्रवेशापर्यंत प्रत्येक अडवणुकीविरुद्ध पदर खोचून उभी राहिली, आणि अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या कोणत्याही बाईला 'आली मोठी रजनी' असे म्हणण्याची रीत पडली. अमोल पालेकर यांनी १९८७ मध्ये 'कच्ची धूप' दिग्दर्शित केली. सांगलीच्या पटवर्धन घराण्यातील भाग्यश्री त्यात प्रथम दिसली आणि आशुतोष गोवारीकर यांनीही तीत अभिनय केला होता. 'वागले की दुनिया' आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आली. मराठी मध्यमवर्गीय वागळ्यांची भूमिका अंजन श्रीवास्तव या अमराठी नटाने केली आणि त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत भारती आचरेकर होत्या. त्यामुळे आपल्या घरात कोणी चोरून कॅमेरा लावला आहे की काय असे दादर-गिरगावच्या प्रेक्षकांना वाटत असे.

'मालगुडी डेज'शी मराठीचा संबंध काय, असे कोणी विचारील. आर. के. नारायण यांच्या कथांवरील ही मालिका कर्नाटकातील आगुंबे येथे चित्रित झाली आणि दिग्दर्शक शंकर नाग कन्नड. परंतु शंकर नाग यांची नाट्यविषयक जडणघडण मुंबईत मराठी रंगभूमीवर झाली होती आणि '२२ जून १८९७' या चापेकर बंधूंवरील मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा सहभाग होता. कमी खर्चात, नेपथ्याचा बडेजाव न करता गावच्या गाव उभे करण्याची त्यांची हातोटी त्या जडणघडणीशी सुसंगत आहे.

'मिले सुर मेरा तुम्हारा' आणि 'एक चिडिया, अनेक चिडिया' यांची चाल कोणाची?

'मिले सुर' १५ ऑगस्ट १९८८ रोजी प्रथम दाखवले गेले. पंडित भीमसेन जोशी यांच्या भैरवीतील आलापाने ते सुरू होते आणि चाल बांधण्यात अशोक पत्की यांचा मोठा वाटा होता. लुई बँक्स यांनी त्याचे संगीत संयोजन केले. 'एक चिडिया' म्हणून आठवणाऱ्या लघुपटाचे खरे नाव 'एक अनेक और एकता'. फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७४ मध्ये तो विजया मुळे यांनी केला, संगीत वसंत देसाई यांचे, आणि गाणारी चिमुरडी म्हणजे दाभोळची साधना घाणेकर, पुढे सर्वांना ठाऊक झालेल्या साधना सरगम.

१९८० आणि १९९० च्या दशकांतील कोणत्या मराठी मालिका लक्षात राहिल्या?

रणजित देसाई यांच्या कादंबरीवरील 'स्वामी' गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केली. रवींद्र मंकणी माधवराव आणि किशोरवयीन मृणाल देव, आताच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई झाल्या. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ'वरील मालिकेची निर्मिती स्मिता तळवलकर यांनी केली आणि तीत मनोज जोशी बाजीराव होते. ना. धों. ताम्हनकर यांचा 'गोट्या' राजदत्त यांनी पडद्यावर आणला. मधुकर आरकडे यांचे आणि अशोक पत्की यांनी स्वरबद्ध केलेले तिचे शीर्षकगीत 'बीज अंकुरे अंकुरे' मालिकेपेक्षाही दीर्घायुषी ठरले. या तिन्ही मालिकांचा पाया मराठी पुस्तकांत होता हे सहज घडलेले नाही, कारण पटकथेसाठी वेळ आणि पैसा कमी असताना कसदार कथा पुस्तकांच्या कपाटातच मिळत होती.

पोलिसी तपासावरील 'एक शून्य शून्य' बी. पी. सिंग यांची. तीत शिवाजी साटम होते आणि याच जोडीने पुढे १९९८ पासून हिंदीत 'सीआयडी' गाजवली. म्हणजे साटम यांनी तीत रंगवलेल्या एसीपी प्रद्युम्न यांचे पूर्वज मराठी दूरदर्शनवर वावरून गेले आहेत. रमेश भाटकर यांची 'हॅलो इन्स्पेक्टर' आणि कुलदीप पवार यांची 'परमवीर' यांचाही स्वतःचा प्रेक्षक होता. प्रतीक्षा लोणकर यांची 'दामिनी' ही पत्रकार स्त्रीची कथा दैनंदिन मराठी मालिकांची सुरुवात मानली जाते.

'जंगल बुक'मधील शेरखानचा आवाज कोणाचा?

नाना पाटेकर यांचा. मूळ जपानी बनावटीची ही मालिका १९९३ मध्ये हिंदीत आली. तिचे गीत गुलजार यांचे आणि संगीत विशाल भारद्वाज यांचे आहे.

हा काळ कधी संपला?

१९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून थेट दिसू लागली आणि केबलचालकांची दुकाने उघडली. झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झाली, म्हणजे मुंबई केंद्राला बरोबर वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी. मराठीतील खासगी वाहिन्यांनी १९९९ च्या सुमारास जोर धरला, आणि तोपर्यंत मुंबई केंद्राच्या मराठी वाहिनीलाही 'सह्याद्री' हे नाव मिळण्याच्या हालचाली सुरू झाल्या होत्या.

जुने कार्यक्रम आज कोठे पाहता येतात?

हिंदी मालिका सहज मिळतात. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीच्या काळात 'रामायण' पुन्हा दाखवले गेले, पाठोपाठ एप्रिलमध्ये 'डीडी रेट्रो' ही वाहिनी सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने 'वेव्हज' हे अॅप सादर केले. दूरदर्शन सह्याद्रीच्या यूट्यूब वाहिनीवरही जुन्या मुलाखती, मैफली आणि काही नाटके आहेत.

१९७० च्या दशकातील मराठी कार्यक्रमांची स्थिती मात्र खेदजनक आहे. काही कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, त्यामुळे त्यांची नोंदच झाली नाही. जे ध्वनिचित्रमुद्रित झाले त्यांच्या टेपा महाग असल्यामुळे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. 'चिमणराव'चा संपूर्ण संच पाहण्याची आशा त्यामुळे बाळगता येत नाही. ही केवळ मुंबईची चूक नव्हे, लंडनच्या बीबीसीनेही त्याच काळात आपल्या कित्येक टेपा अशाच पुसल्या.

घरी जुन्या व्हीएचएस कॅसेट सापडल्या आहेत. त्यांचे काय करावे?

त्या लगेच व्हीसीआरमध्ये घालू नयेत. कॅसेटच्या खिडकीतून पाहिल्यावर फितीच्या कडेवर पांढरट थर दिसल्यास ती बुरशी असते आणि ती यंत्राच्या वाचकशीर्षावर बसून पुढच्या कॅसेटलाही लागते. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे हे फार आढळते. अशी कॅसेट प्रथम जाणकाराकडून साफ करून घ्यावी, मगच तिचे संगणकीय रूपांतर करावे, आणि ते एकदाच होईल असे समजून चांगल्या प्रतीचे करावे. मध्ये आलेल्या जाहिराती, निवेदिकेचा निरोप किंवा व्यत्ययाची पाटी कापून टाकू नये, कारण मालिका दुसरीकडे सापडू शकते, परंतु दोन कार्यक्रमांमधील ती मिनिटे बहुधा कोणीही जतन केलेली नसतात. कॅसेटवर घरातील कोणी तारीख लिहिलेली असल्यास तिचे छायाचित्रही संगणकीय प्रतीबरोबर ठेवावे.